ओल्या खोबऱ्याचा वास

माणसाचा हात आधी हुंगायचा आणि मगच त्याला बस म्हणायचं, असा माणूस मी एकच बघितला. आमच्या वाडीत सगळे त्यांना बोटवाले म्हणत. परदेशी बोटींवर स्वयंपाकी म्हणून जन्म काढला आणि म्हातारपणी घरी येऊन राहिले, म्हणून बोटवाले. मी तोंडावर काका म्हणायची. पाठीमागे मीही बोटवालेच म्हणायची, कारण काका म्हणण्याएवढा माझा त्यांच्यावर विश्वास नव्हता.

त्यांच्या बागेला चिऱ्याचा गडगा होता आणि आत जायला बांबूचं बेडं. बेड्याशी एक दगडी डोण पाण्याने भरून ठेवलेली. आत पाऊल टाकायचं तर आधी त्या पाण्याने पाय चोळून धुवायचे. वहाण बाहेर. स्वतःची कोयती बाहेर. आत त्यांचीच कोयती वापरायची. शेतातून घरात येताना पाय धुतात हे जगाला माहीत आहे. घरातून बागेत जाताना पाय धुवायला लावणारा हा पहिलाच.

धुवून झालं की म्हणायचे, "हात दाव."

मग तुमचा हात दोन्ही हातांत घेऊन नाकाशी न्यायचे आणि डोळे मात्र तुमच्या तोंडावर ठेवायचे. पोफळींवर मोरचुदाचं पाणी मारणारे गडी वाडीत यायचे, त्यांना तर ते बेड्यापासूनच हाकलायचे. "मोरचूद लागलेला हात हाय तुजा. माझी माणसं मरतील त्याच्यानं. चल, फूट."

माझी माणसं म्हणजे कोण, ते कुणाला कळत नव्हतं. घरात तर ते एकटेच होते. बायको कधीच गेलेली, मुलगी मुंबईला.

आमच्या थोरल्या जाऊबाईंना हे पाय धुणं फार लागलं होतं. "आमी काय बाटवताव ह्याची बाग? बोटीवर कुणाकुणाचं काय काय रांधून घातलान, आणि आता हितं सोवळं!" असं त्या पाणवठ्यावर मोठ्याने बोलायच्या. वाडीतल्या बऱ्याच जणांना तसंच वाटायचं. त्यांच्याकडे जाणं लोकांनी कमी केलं. त्यांना ते बरंच वाटलं असावं.

एका शिमग्याला मात्र सगळ्यांना मजा बघायची होती. देवाची पालखी घरोघर येते, ती त्यांच्याकडेही जाणार. आता हा म्हातारा देवालाही अडवतो का, ते बघायला अर्धी वाडी मागोमाग गेली. मीही गेले, मागे, भिंतीला धरून. पालखी बेड्याशी आली आणि बोटवाले आडवे उभे राहिले. ढोल थांबला. जाऊबाईंनी मला कोपर मारलं. तेवढ्यात ते खाली बसले आणि पालखी खांद्यावर घेतलेल्या पोरांचे पाय त्यांनी आपल्या हाताने धुवायला घेतले. एकेक पाय, टाचेपासून बोटांच्या बेचक्यापर्यंत. पालखीच्या खांदेकऱ्यांच्या पायावर पाणी घालायची आमच्याकडे रीतच आहे, त्यामुळे कुणाला बोलायला जागा उरली नाही. म्हातारी माणसं म्हणाली, काय भक्ती आहे बघा. मी गडग्याच्या कडेने सरकत बोटवाल्यांच्या मागेच येऊन उभी होते. ते पाय नुसते धूत नव्हते, नखांत अडकलेली माती काढत होते आणि ते पाणी बागेकडे न जाता रस्त्याकडे जाईल असं हाताने वळवत होते. ती भक्ती होती की बागेची काळजी, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही.

त्यांचं एक वाक्य होतं. "तोंड खोटं बोलंल. पाय नाय बोलत."

आमची बाग म्हणजे काही मोठी नाही. घरामागे उतारावर पोफळी, चार माड आणि विहीर. पोफळींवर सासूबाईंनी मिरवेली, म्हणजे काळ्या मिरीच्या वेली, चढवल्या होत्या. विहिरीजवळच्या पोफळीवरची वेल सगळ्यांत जुनी. तिचेच फुटवे लावून बाकीच्या झाल्या. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा आमच्या ह्यांची चौकशी कमी आणि त्या वेलीची जास्त करायच्या. त्या गेल्यावर बाग माझ्याकडे आली. म्हणजे कुणी दिली असं नाही. बाकी कुणी तिकडे जाईना, मी जायची.

सासूबाई असतानाच वरच्या दोनचार वेली मेल्या होत्या. त्यानंतरच्या दोनतीन पावसाळ्यांत एकामागून एक मरायला लागल्या. पान हळूहळू पिवळं पडतं, माणूस सावध होतो, तसं नाही. आज पानावर काळा डाग दिसायचा आणि आठवडा जातो न जातो तोच सगळी वेल उकडलेल्या भाजीसारखी लोंबायची. हात लावला की पेराशी सुटून हातात यायची. मुळाशी उकरलं तर मुळं काळी, कुजलेली. एक गेली की तिच्या खालची जायची. उतारावरून कुणी पायऱ्या उतरत यावं तसं ते मरण विहिरीकडे येत होतं.

आमचे हे जयगडच्या बंदरावर कामाला. पाळी संपली की घरी येतात. एकदा जेवताना म्हणाले, "खाणवाला परत भेटला हुता. चिऱ्याच्या गाड्यांना त्याला रस्ता पायजे. ह्या पावसात वेली ऱ्हायल्या तर ऱ्हायल्या. नायतर दसऱ्याला मी जागा देऊन मोकळा व्हतो. डोक्याला ताप नको."

मला बोलायला वेळ लागतो. मी शब्द जुळवीपर्यंत समोरचा माणूस जेवून उठलेला असतो. बाग जाऊ नये एवढंच माझ्या पोटात होतं, पण ते तोंडापर्यंत आलं नाही. बागेत मला बोलावं लागत नाही. ती गेली तर दिवसभर मी कुठे उभं राहायचं?

वैशाखात एक दिवस बोटवाले आमच्या बेड्याशी येऊन उभे राहिले. हातात पाण्याचा तांब्या. आमच्याकडे डोण नव्हती, म्हणून स्वतःचे पाय धुवायला पाणीसुद्धा घरून आणलेलं.

"काय गो सूनबाय, वेली मरतात ना तुज्या?"

मी मान हलवली.

"माझी माणसं ठेवू काय तुज्या बागेत?"

मला काहीच कळेना. तेव्हा ते मला त्यांच्या घरी घेऊन गेले. अंगणात जाऊबाईंच्या सुनेला उभं करून ठेवलं होतं, मी एकटी आत जाणार नाही हे त्यांनी आधीच हेरलेलं. आत बघते तर स्वयंपाकघरात आढ्याला ओळीने प्लास्टिकच्या पिशव्या टांगलेल्या. प्रत्येकीच्या तोंडाला कापसाचा बोळा. आत भात. काही पिशव्यांत भातावर पांढरी लव आलेली, काहींत सगळा भात हिरवागार, शेवाळासारखा. मला शिसारी आली. जाऊबाईंची सून तर बाहेरूनच बघून पळाली.

"ही माझी माणसं," ते म्हणाले. "बुरशी. पण चांगली बुरशी. मोरचुदानं ही पण मरते. शेतकी खात्यातनं पुडी आणली, ती विरजण लावतात तशी लावली. आता ह्या पिशवीतली चिमूट त्या पिशवीत."

मग त्यांनी मला त्यांची कृती दाखवली. तांदूळ अर्धाकच्चा शिजवायचा, दाणा दाण्याला चिकटता कामा नये. तो पिशवीत भरून, बोळा लावून, कुकरात परत उकडायचा, म्हणजे आतलं दुसरं सगळं मरतं. पूर्ण गार झाल्यावर विरजण. उन्हात ठेवायची नाही. त्यांचा हात तेव्हा इतका हलका चालत होता की हा माणूस बोटीवर कसा रांधत असेल ते मला दिसलं. तांदूळ चांगला, वासाचा होता. आणि चुलीवर त्यांच्या स्वतःच्या जेवणाचं पातेलं होतं, त्यात कणी शिजत होती.

"जमिनीत एक वाईट बुरशी असते, ती मुळं कुजवते," ते म्हणाले. "पण समज, बोटीवरच्या सगळ्या बंकांवर आपलीच माणसं झोपल्येत. मग चोर चढला तरी झोपंल कुठं? आणि झोपलाच तर माझी माणसं त्याला गुंडाळून खातात. मुरलेल्या शेणखतात हा भात मिसळायचा, वर ओलं पोतं टाकून ठेवायचं आणि पावसाच्या तोंडावर वेलीच्या मुळाशी पुरायचा. बस."

"पैसे?" मी विचारलं. एवढा एकच शब्द मला जमला.

"पैसे कशाला?"

घरी आल्यावर मी हे सांगितलं तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "फुकट देणारा दोनदा घेतो. सांभाळ हां."

मलाही तेच वाटत होतं. वाडीत एवढी घरं, एवढ्या बागा. हाच माणूस माझ्याकडे का आला? आणखी एक गोष्ट मी तिथून निघताना बघितली होती. त्यांच्या बागेत पोफळी होत्या, पण एकाही पोफळीवर मिरवेल नव्हती. खोडांवर नुसत्या वेलीच्या मुळांच्या वाळलेल्या काळ्या रेघा होत्या. ज्याच्याकडे एक वेल नाही, तो वेलीचं औषध कशासाठी करतो?

मी जात राहिले, पण डोळे उघडे ठेवून. त्यांनी दिलेलं पाणीसुद्धा मी प्यायची नाही. ते मला पिशव्या उघडून दाखवायचे आणि म्हणायचे, "हुंग." मी हुंगायची. "कसला वास?" चांगल्या पिशवीला ओल्या खोबऱ्याचा वास यायचा, अगदी आत्ता खवलेल्या नारळासारखा. बिघडलेलीला आंबूस, कधी खवट. मी सांगितलं की ती पिशवी ते बाजूला काढायचे. स्वतः कधी हुंगत नव्हते. जगाचे हात हुंगणारा माणूस आपली पिशवी दुसऱ्याला हुंगायला लावतो, हेही मला खटकलं.

एकदा धीर करून म्हटलं, "तुमीच हुंगा की काका."

त्यांनी हातातल्या पिशवीचा बोळा परत घट्ट बसवला. मग म्हणाले, "नाक बंद हाय माझं. करोना झाला तवापासनं. भाजलेला बोंबील नाकाशी धर, नाय कळायचं."

"मग सगळ्यांचे हात हुंगता ते?"

ते हसले. पुढचा एक दात नव्हता त्यांना. "हात हुंगायला नाक कशाला लागतं? ज्याच्या हाताला काय लागलेलं असतं तो हात मागं घेतो. तेवढं दिसतं मला."

म्हणजे त्यांना माझं नाक हवं होतं. रोज नारळ खवणाऱ्या बाईचं नाक, आणि बाहेर बोलणार नाही अशी बाई. मला वाटलं, चला, कारण कळलं. संशय थोडा निवळला. तोंडावर काका म्हणताना आता जीभ अडायची नाही.

मृगाच्या आधी आम्ही दोघांनी मिळून आमच्या बागेत ते खत घातलं. पाणी साचू नये म्हणून वेलींच्या वरच्या अंगाला चरही खणला. काकांनी आमच्या बेड्याशी एक जुनं पिंप आणून ठेवलं, पाय धुवायला. ते बघून आमचे हे म्हणाले, "आता माझ्या बागेत मी पाय धुऊन जायचा? लय झालं." आणि तसेच चपला घालून गेले.

मग तो भाताचा प्रकार झाला. जाऊबाईंच्या कोंबड्यांनी एका वेलीच्या बुंध्याशी उकरलं आणि हिरव्या भाताचे गोळे उघडे पडले. जाऊबाई सकाळी कोंबड्या हाकायला गेल्या आणि त्यांनी किंकाळीच फोडली. आमच्याकडे कुणी कुणाचं वाईट करायचं म्हटलं की भातच वापरतात. भातावर गुलाल, कुंकू काहीतरी घालून तिठ्यावर ठेवतात. माणूस तो ओलांडत नाही. इथे तर हिरवा भात, तोही झाडाच्या मुळाशी पुरलेला. जाऊबाईंना दुसरं काही वाटणं शक्यच नव्हतं. "करणी केलीन गो मेल्यानं! म्हणून फुकट देत हुता! म्हणून पाय धुवायला लावत हुता!" वाडी जमली. जाऊबाईंनी मिठाचं पाणी केलं आणि करणी उतरायला म्हणून बादलीभर त्या बुंध्याशी ओतलं.

मला सगळं माहीत होतं. सांगायचंही होतं. पण एवढ्या माणसांत माझा आवाज निघेना. आणि खरं सांगायचं तर मनाच्या एका कोपऱ्यात मलाही वाटून गेलं, की जाऊबाईंचं खरं असलं तर?

कुणीतरी काकांना बोलावून आणलं. ते आधी पिंपाशी पाय धुवायला थांबले. त्याने माणसं आणखी भडकली. मग ते बुंध्याशी बसले, मातीची चिमूट उचलली आणि जिभेवर ठेवली.

"खारट!" ते ओरडले. "कोणी मीठ घातलान? गो, वेल हाय ती, लोणचं नाय!"

"तू करणी केलीस!" जाऊबाई म्हणाल्या.

"करणी करायची असती तर वासाचा तांदूळ वापरला असता मी? एवढा महाग? करणीला रेशनचा चालतो गो!"

कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळेच हसले. जाऊबाई सोडून. काकांनी विहिरीचं गोडं पाणी काढून काढून ती जागा धुतली, खारी माती उकरून टाकली. ती वेल काही जगली नाही. ती बुरशीने गेली नाही, मिठाने गेली, असं ते पुढे कितीतरी दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते.

आषाढात एकदा तीन दिवस पावसाने खळ घेतला नाही. आमच्या बागेच्या कडेने एक पऱ्या वाहतो. वरून, बोटवाल्यांच्या बागेकडून येतो आणि खाली खाडीला जातो. अशा पावसात तो दरवर्षी फुगून आमच्या बागेत शिरतो. त्या दिवशी दुपारी मी बघायला गेले तर पऱ्याला पाणी नेहमीपेक्षाही कमी. आभाळ फुटलेलं आणि पऱ्या मात्र घोट्याएवढा. मला ते बरं दिसेना. चांगलं झालं तरी ते का झालं, हे कळल्याशिवाय मला झोप लागत नाही. मी इरलं डोक्यावर घेतलं आणि पऱ्याच्या कडेने वर गेले.

वर काका कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. दगड आणि मातीने भरलेली पोती टाकून त्यांनी पऱ्या अडवला होता, आणि आपला गडगा फोडून पाणी स्वतःच्या अंगणात घेतलं होतं. पाणी मागच्या दाराने घरात शिरत होतं आणि पुढच्या दाराने रस्त्यावर जात होतं. पातेली, पाट, चपला तरंगत चालल्या होत्या.

"काका, घर बुडलं तुमचं!" मी ओरडले.

"बुडू दे. खाली नाय जाऊ द्यायचं."

"का?"

त्यांनी आणखी एक पोतं टाकलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वरनं येतंय ते माझ्या बागेतनं येतंय. रोग माझ्याकडचाच हाय."

पावसाच्या आवाजात ते मोठ्याने सांगत होते आणि मी ऐकत होते. शेवटच्या सफरीवरून येताना कोचीच्या बंदरात त्यांनी मिरवेलीची रोपं घेतली होती. मोठ्या जातीची, हातभर घोस लागणारी. ओल्या गोणपाटात मातीसकट गुंडाळून, ट्रंकेत घालून आणली. वाडीत कुणाकडे नाहीत अशा वेली आपल्याकडे असाव्यात, एवढीच हौस. ती माती आजारी होती. पहिल्याच पावसात त्यांच्या वेली गेल्या, मग पऱ्याच्या पाण्याने तो रोग आमच्याकडे उतरला. तेव्हा त्यांनी कुणाला पाय धुवायला लावले नव्हते. स्वतःही धुतले नव्हते.

मला सासूबाई आठवल्या. पहिल्या वेली मेल्या तेव्हा त्यांना वाटलं होतं, आपल्याकडूनच देवाचं काही करायचं राहिलं. त्या तेच मनात घेऊन गेल्या.

"तुमी मला सांगितलं नाय," मी म्हणाले.

"सांगितलं असतं तर बागेत घेतलं असतंस?"

म्हणजे माझ्यावर उपकार नव्हते, नाकाची गरज एवढंच कारणही नव्हतं. हा माणूस जगाच्या पायांवर संशय घेत होता, कारण रोग कोणाच्या पायांनी आला ते त्याला पक्कं ठाऊक होतं. मी खाली आले. दुसऱ्या दिवशी ते आमच्या बेड्याशी आले तेव्हा मी आतून म्हटलं, "आमच्या बागेत यायचं नाय तुमी." माझ्या आयुष्यात मी कुणाला येऊ नको म्हणाले ते पहिल्यांदा. ते तांब्या घेऊन उलटे गेले.

त्यानंतर दर काही दिवसांनी आमच्या बेड्याला एक पिशवी अडकवलेली असायची. हिरवा भात, कापसाचा बोळा. पहिली मी तशीच राहू दिली. दुसरी काढून पायरीवर ठेवली. तिसरीचा बोळा काढून नाक लावलं. ओल्या खोबऱ्याचा वास. माणसाचा भरवसा वाटत नव्हता, वासाचा वाटत होता. मी शेणखत कालवायला बसले. चौथी पिशवी आंबूस निघाली, ती फेकली. काही पिशव्या बिघडलेल्या जाणार हे त्यांना ठाऊक असणारच, कारण त्यांच्याकडे आता हुंगणारं कुणी नव्हतं आणि तरी ते पाठवत होते. निवड त्यांनी माझ्यावर सोडली होती.

पाऊस संपता संपता आणखी काही वेली गेल्या. वरच्या रांगेतल्या, आधीच हात टेकलेल्या. पण पायऱ्या उतरत येणारं ते मरण मधेच थांबलं. विहिरीजवळच्या जुन्या वेलीला घोस धरले.

दसरा चारपाच दिवसांवर असताना हे खाणवाल्याला घेऊन आले. तो पायात बूट घालून आला होता, लाल चिखलाने भरलेले, किती जमिनी तुडवून आलेले देव जाणे. ह्यांनी पाऊस लागल्यापासून बाग बघितलीही नव्हती. मी बेड्याशी गेले. काय बोलायचं ते मी ठरवलं नव्हतं, पण आडवी उभी राहिले.

"पाय धुवा," मी म्हटलं.

"काय?" खाणवाला म्हणाला.

"बूट काढा, पाय धुवा, मग आत या."

"आगो, पावणे हायत ते," हे म्हणाले. त्यांच्या आवाजात रागापेक्षा नवल जास्त होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझा असा आवाज त्यांनी ऐकला नव्हता.

खाणवाला हसायला लागला. "त्या म्हाताऱ्यासारखा हातपण हुंगणार काय वैनी?"

"दाखवा."

त्याने हसत हात पुढे केला. मी वाकले. आणि त्याने हात मागे घेतला.

हाताला काय लागलं होतं मला माहीत नाही. डिझेल असेल, तंबाखू असेल, नाहीतर परक्या बाईने हात हुंगावा याची लाज असेल. पण हात मागे गेला, तो ह्यांनी पण बघितला. काकांची ती सवय वाडीत सगळ्यांना ठाऊक होती. हे पिंपाशी गेले, चपला काढल्या आणि पाय धुवायला लागले.

"तुमी बसा जरा भायेर," ते खाणवाल्याला म्हणाले. "मी बगून येतो."

ते विहिरीपर्यंत गेले. जुन्या वेलीखाली उभे राहून वर बघत राहिले. घोस हातात घेतला, सोडला. त्यांची आई त्या वेलीवर किती जीव टाकायची, ते माझ्यापेक्षा त्यांना जास्त माहीत. परत आल्यावर त्यांनी खाणवाल्याला एवढंच सांगितलं, "रस्ता दुसरीकडनं काढा."

बुरशीने वेली वाचवल्या, की चर खणला म्हणून पाणी साचलं नाही, की काकांनी पऱ्या अडवून आपलं घर बुडवलं त्याने, की त्या वेलीत मुळातच जोर होता, हे मी सांगू शकत नाही. काका सांगायचे, बुरशीने. पण ते तर सांगणारच.

दसऱ्याच्या दिवशी काका सोनं द्यायला आले. आपट्याची पानं हातात आणि दुसऱ्या हातात तो तांब्या. बेड्याच्या बाहेरच थांबले. पाय घरून धुऊन आले होते, तरी पिंपाच्या पाण्याने पुन्हा धुतले. मग तिसऱ्यांदा तांब्यातल्या पाण्याने.

मी म्हटलं, "हात दाखवा."

त्यांनी तांब्या खाली ठेवला, पानं बाजूच्या दगडावर ठेवली आणि दोन्ही हात पुढे केले. मी ते हातात घेतले. त्यांच्यासारखी तोंडाकडे बघत नव्हते, मला नाक होतं. बोटांना ओल्या खोबऱ्याचा वास येत होता. थोडा धुराचा. त्यांनी हात मागे घेतले नाहीत. मी म्हटलं, "या."

त्यानंतर ते फार वर्षं राहिले नाहीत. मुलीने मुंबईला नेलं, तिकडेच गेले. मुंबईला निघताना एक पिशवी माझ्याकडे ठेवून गेले. विरजण मोडू देऊ नको, एवढं म्हणाले. मी अजून मोडू दिलेलं नाही. वाडीतली माणसं आता माझ्या पिंपाला नावं ठेवतात. जाऊबाई तर म्हणतात, बोटवाल्याचं भूत हिच्यात शिरलं. पण पाय धुऊन येतात.

ते चांगले होते का, हे मला कुणी विचारलं तर मी पटकन हो म्हणणार नाही. सासूबाईंचं मन मला आठवतं. आणि पाण्यात उभे असलेले तेही आठवतात.

दर वैशाखात मी तांदूळ अर्धाकच्चा शिजवते, पिशव्या आढ्याला टांगते. हिरव्या झाल्या की एकेक उघडून नाक लावते. ओल्या खोबऱ्याचा वास येतो. तरी मी एकदा मागे वळून बघते, घरात कुणी नारळ तर फोडला नाही ना. मग दुसऱ्यांदा हुंगते.